संगणकातील प्रशासकाचे अधिकार : उपयोग, धोके व दक्षता

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, जातीच्या दाखल्याची प्रत, नोकरीसाठी पाठवावयाची माहिती, वीजबिल, सातबाराचा उतारा ही सारी कामे संगणकाशी येऊन जोडली गेली आहेत. मध्यमवर्गीय व कष्टकरी घरांत बहुधा एकच संगणक असतो आणि तो आई-वडील, मुले, पाहुणे असे सर्वजण मिळून वापरतात. संस्थांच्या कार्यालयांतही हीच स्थिती आढळते. असे असूनही त्या यंत्रात कोणास काय करण्याची मुभा असावी, याचा विचार फार थोड्या ठिकाणी केला जातो. संगणक विकत घेताना दुकानदाराने जे खाते उघडून दिले, त्याच खात्यावर सर्वांचे सर्व काम वर्षानुवर्षे चालते.

दुसरीकडे आपले विद्यार्थी मित्र संगणकात काही बिघाड झाला की एखादी चित्रफीत पाहतात. तीत सांगितलेले असते, “ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.” विद्यार्थी तसे करतो. कधी बिघाड दूर होतो, तर कधी सुरू असलेला संगणकही बंद पडतो. अशा वेळी दोष कमांडचा, संगणकाचा की नशिबाचा, हे कोणालाच कळत नाही. म्हणून “ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे” म्हणजे नेमके काय, ते कसे करावे, केव्हा करावे आणि मुख्य म्हणजे केव्हा करू नये, याची सोप्या भाषेत ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कमांड म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावरील चित्रांवर माऊसने टिचकी मारणे हा पहिला. एका साध्या खिडकीत शब्द टंकून आज्ञा देणे हा दुसरा मार्ग होय. या लिखित आज्ञेस कमांड म्हणतात. विंडोजमध्ये या खिडकीला कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल किंवा टर्मिनल अशी नावे आहेत. लिनक्स व ॲपलच्या मॅकमध्ये तिला टर्मिनल म्हणतात. या लेखात कमांडची नावे आपण देवनागरीत लिहीत आहोत, परंतु यंत्रावर ती इंग्रजी अक्षरांतच टंकावी लागतात, हे लक्षात असावे.

चित्रांच्या मार्गात संगणक आपणांस पुष्कळदा “खात्री आहे ना?” असे विचारतो. लिखित आज्ञेच्या बाबतीत तसे क्वचितच घडते. जे लिहिले ते तो तत्काळ करतो. म्हणूनच ही पद्धत जलद आहे आणि म्हणूनच ती जोखमीचीही आहे.

अधिकारांची वाटणी कशासाठी?

बँकेच्या व्यवहाराचे उदाहरण घेऊ. काउंटरवरील कर्मचारी ठराविक रकमेपर्यंतचा व्यवहार स्वतः पूर्ण करतो. रक्कम त्यापुढे गेली की अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. ही व्यवस्था कर्मचाऱ्यावर अविश्वास म्हणून केलेली नसते. प्रामाणिक माणसाच्या हातूनही चूक होते, त्याच्या नावाने दुसरा कोणी गैरफायदा घेऊ शकतो. अशा वेळी नुकसान एका मर्यादेत राहावे, एवढाच तिचा हेतू असतो.

संगणकातही हेच तत्त्व आहे. साधा वापरकर्ता आपली पत्रे लिहितो, आपल्या फाईली उघडतो व पुसतो. संपूर्ण यंत्रावर परिणाम करणारी कामे, जसे नवीन प्रणाली बसवणे, इतरांची खाती उघडणे किंवा बंद करणे, यंत्रणेच्या मूळ फाईलींत बदल करणे, ही प्रशासकाच्या म्हणजेच ॲडमिनिस्ट्रेटरच्या अखत्यारीत येतात.

अमेरिकेतील जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर या दोन संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली एका शोधनिबंधात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. प्रत्येक वापरकर्त्याने व प्रत्येक प्रोग्रामने हाती असलेल्या कामापुरत्या, कमीत कमी अधिकारांवर काम करावे, असा त्याचा आशय आहे. “किमान अधिकाराचे तत्त्व” म्हणून ते आजही जगभर शिकवले जाते.

थोडा इतिहास

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. एकच संगणक अनेकजण वापरत असल्यामुळे अधिकारांची विभागणी तेथे आरंभापासूनच आवश्यक होती. युनिक्समधील सर्वाधिकारी खात्यास “रूट” म्हणतात. साध्या वापरकर्त्याने तात्पुरते सर्वाधिकारी होण्यासाठी “एसयू” ही कमांड युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही आढळते.

घरगुती संगणकाची वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने झाली. एक यंत्र, एक माणूस या कल्पनेवर ते उभे राहिले. डॉस, तसेच पुढे आलेल्या विंडोज ९५ व विंडोज ९८ यांत साधा वापरकर्ता आणि प्रशासक असा खरा भेदच नव्हता. जो समोर बसला तो मालक आणि जो प्रोग्राम चालू झाला तोही मालक.

याचे दुष्परिणाम २६ एप्रिल १९९९ रोजी जगाने पाहिले. तैवानमध्ये १९९८ साली तयार झालेला “सीआयएच” नावाचा व्हायरस त्या दिवशी असंख्य संगणकांत जागा झाला. त्याने हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकला. काही संगणकांत तर मदरबोर्डवरील बायोसची चिपही निकामी केली, त्यामुळे ते यंत्र सुरूच होईना. दक्षिण कोरियासह आशियातील अनेक देशांना त्याचा मोठा फटका बसला. विंडोज ९५ व ९८ मध्ये कोणताही प्रोग्राम यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचू शकत होता, म्हणूनच हे घडू शकले. त्याच काळातील विंडोज एनटी या प्रणालीत अधिकारांची भिंत होती. तेथे या व्हायरसचे काही चालले नाही.

विंडोज एनटी १९९३ साली आली होती, परंतु ती मुख्यतः कार्यालयांसाठी होती. तिच्याच पायावर उभारलेली विंडोज एक्सपी २००१ साली घराघरांत पोहोचली. भिंत आली खरी, पण घरगुती वापरात बहुतेकांचे खाते प्रशासकाचेच असे. म्हणजे दाराला कुलूप आहे, मात्र किल्ली कायम कुलपातच लटकलेली, अशी स्थिती झाली. विंडोज व्हिस्टा ही २००६ च्या अखेरीस कंपन्यांसाठी व जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आली. तिच्याबरोबर “युजर अकाउंट कंट्रोल” ही व्यवस्था आली. पडदा मंद होऊन मधोमध येणारी “या ॲपला बदल करू द्यायचे काय?” ही विचारणा, ती हीच. आरंभी ती इतक्या वेळा येई की लोक कंटाळून गेले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचे प्रमाण कमी करण्यात आले.

विंडोजमध्ये हे कसे चालते?

पुष्कळांचा असा समज असतो की, “माझे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे आहे, मग मला पुन्हा परवानगी कशाला?” याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. प्रशासक खात्याने आपण प्रवेश केला की विंडोज आपणांस दोन ओळखपत्रे तयार करून देते. एक साध्या वापरकर्त्याचे व दुसरे पूर्ण अधिकाराचे. रोजची सर्व कामे पहिल्या, साध्या ओळखपत्रावर चालतात. पूर्ण अधिकाराचे काम आले तरच विंडोज विचारणा करते आणि आपण “येस” म्हटल्यावर त्या एका प्रोग्रामपुरते दुसरे ओळखपत्र वापरले जाते. साध्या खात्यावर काम करणाऱ्यास मात्र केवळ “येस” म्हणून चालत नाही. त्यास प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो.

त्या वेळी पडदा मंद होतो, तोही उगीच नाही. ती विचारणा एका वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवली जाते. एखाद्या लबाड प्रोग्रामने आपल्या वतीने परस्पर “येस” दाबू नये, यासाठी ती योजना आहे.

कमांड प्रशासक म्हणून चालवावयाची असल्यास विंडोज १० किंवा ११ मध्ये पुढीलप्रमाणे करावे.

१) शोधाच्या चौकटीत “सीएमडी” ही तीन अक्षरे टंकावीत. कमांड प्रॉम्प्ट हे नाव दिसू लागेल.
२) त्यावर माऊसची उजवी कळ दाबून “रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर” निवडावे. कंट्रोल, शिफ्ट व एंटर या तीन कळा एकत्र दाबूनही हेच साधते.
३) विचारणा येईल, ती वाचावी व मगच संमती द्यावी.
४) उघडलेल्या खिडकीच्या माथ्यावर “ॲडमिनिस्ट्रेटर” हा शब्द आहे की नाही ते पाहावे. तो नसेल तर ती साधीच खिडकी होय.

उदाहरणार्थ, विंडोजच्या मूळ फाईली बिघडल्याचा संशय असेल तर “एसएफसी” ही कमांड तिरपी रेघ व “स्कॅननाऊ” या शब्दासह चालवतात. ती मूळ फाईली तपासते व खराब झालेल्या फाईली दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते. साध्या खिडकीत ती चालवली तर “यासाठी आपण प्रशासक असले पाहिजे” अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो व काम होत नाही. हा बिघाड नव्हे. कमांड बरोबर असते, परंतु ती चालवणाऱ्याजवळ आवश्यक तो अधिकार नसतो. डिस्कची तपासणी करणारी “चेकडिस्क” ही दुसरी कमांड. सी ड्राइव्ह वापरात असल्याने तिची दुरुस्ती लगेच करता येत नाही. संगणक पुढच्या वेळी सुरू होताना ती करू काय, असे ती विचारते.

येथे दोन गोष्टी अवश्य ध्यानात घ्याव्यात. पहिली, अधिकाराची कमांड खिडकी आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये उघडत नाही. ती विंडोजच्या “सिस्टीम३२” या मूळ फोल्डरमध्ये उघडते. फोल्डर न बदलता तेथे काही पुसण्याची आज्ञा दिली, तर ती तेथेच लागू होते. दुसरी, अधिकार हे वारशाने जातात. त्या खिडकीतून जो प्रोग्राम आपण सुरू कराल, त्यासही पूर्ण अधिकार मिळतात. यास्तव काम झाले की ती खिडकी बंद करावी.

मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत “सुडो” ही नवी सोयही दिली आहे. ती मुळात बंद असते व सेटिंग्जमधून सुरू करावी लागते. तिचे नाव ज्या जुन्या कमांडवरून घेतले, तिची माहिती आता पाहू.

लिनक्समधील सुडो

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो ही कमांड लिहिली. १९९४ पासून तिची देखभाल टॉड मिलर करीत आले आहेत. तत्पूर्वी सर्वाधिकारी व्हायचे तर रूटचा पासवर्ड माहीत असणे भाग होते. चार जणांना अधूनमधून ते काम करावे लागे, म्हणजे एकच गुप्त शब्द चौघांना ठाऊक. मग नुकसान झाल्यास ते कोणी केले, हे शोधणे अवघड.

सुडोने हा प्रश्न सोडवला. ज्या कमांडला अधिकार हवा, फक्त तिच्याआधी सुडो हा शब्द लिहावयाचा. संगणक आपणांकडे रूटचा पासवर्ड मागत नाही, आपलाच पासवर्ड मागतो. मग एका यादीत आपले नाव आहे काय, हे पाहतो. असल्यास तेवढी एक कमांड पूर्ण अधिकाराने चालते. कोणी, केव्हा, कोणती कमांड चालवली याची नोंदही ठेवली जाते. अधिकार आहे, परंतु त्याबरोबर हिशेबही आहे.

२००४ साली आलेल्या उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने तर रूट खाते आरंभापासून कुलूपबंदच ठेवले आणि सर्व कामे सुडोमार्फत करण्याची पद्धत रूढ केली. उबुंटूत “सुडो एपीटी अपडेट” या कमांडने उपलब्ध प्रणालींची यादी ताजी होते व “सुडो एपीटी अपग्रेड” ने त्या प्रत्यक्ष अद्ययावत होतात. एकदा पासवर्ड दिला की काही मिनिटे, उबुंटूत सर्वसाधारणपणे १५ मिनिटे, तो पुन्हा विचारला जात नाही. या अवधीत संगणक उघडा ठेवून उठून जाऊ नये. नवशिक्यांसाठी आणखी एक सूचना. अनेक लिनक्समध्ये पासवर्ड टंकताना पडद्यावर तारेही उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे समजून घाबरू नये.

कोणास कोणता अधिकार आहे, ही यादी “सुडोअर्स” नावाच्या फाईलीत असते. ती साध्या लेखन-प्रोग्राममध्ये बदलू नये, “व्हीआयसुडो” या कमांडनेच बदलावी. कारण ती जतन करण्यापूर्वी लिखाण तपासते. या फाईलीत व्याकरणाची चूक राहिली, तर सुडो काम करण्याचेच नाकारू शकते आणि दुरुस्तीसाठी लागणारा अधिकारही हातून जातो.

मूळ सुडो पहिल्यांदा वापरताना एक छोटी समज देते. इतरांच्या खाजगीपणाचा आदर करा, टंकण्यापूर्वी विचार करा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते हे विसरू नका, अशा आशयाच्या या तीन गोष्टी आहेत. संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या वहीत लिहून ठेवाव्यात.

एका मोकळ्या जागेची किंमत

अधिकाराने चाललेली चूक किती महाग पडते, याची दोन खरी उदाहरणे पाहू.

पहिले २०११ सालचे. लिनक्सवरील लॅपटॉपांच्या ग्राफिक्स कार्डासाठी “बंबलबी” नावाचा एक प्रोग्राम होता. तो बसवणाऱ्या लिपीत एक जुना फोल्डर पुसण्याची आज्ञा होती. त्या फोल्डरच्या पत्त्यात “यूएसआर” या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाने त्या एका पत्त्याचे दोन पत्ते मानले व पहिला पत्ता, म्हणजे सबंध “यूएसआर” फोल्डर, पुसून टाकला. लिनक्सचे बहुतेक प्रोग्राम याच फोल्डरमध्ये असतात. ती लिपी पूर्ण अधिकाराने चालत असल्यामुळे तिला अडवणारे कोणीच नव्हते. साध्या अधिकाराने ती चालली असती तर “परवानगी नाही” एवढाच संदेश आला असता.

दुसरे उदाहरण जानेवारी २०१५ मधील. “स्टीम” या खेळांच्या प्रोग्रामच्या लिनक्स आवृत्तीतील एका लिपीत दोष होता. विशिष्ट परिस्थितीत फोल्डरचे नाव रिकामे राही आणि पुसण्याची आज्ञा सगळ्या डिस्कवर लागू होई. ही लिपी साध्या अधिकाराने चालत होती. त्यामुळे यंत्रणेच्या फाईली वाचल्या. परंतु त्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फाईली, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील फाईलींसह, पुसल्या गेल्या.

ही दोन्ही उदाहरणे एकत्र वाचली म्हणजे खरा बोध होतो. मर्यादित अधिकाराने यंत्र वाचते, मात्र आपले छायाचित्र, आपला प्रबंध, आपल्या दाखल्यांच्या प्रती वाचतीलच असे नाही, कारण त्या पुसण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्यासही असतो. विंडोज पुन्हा बसवता येते, परंतु आजोबांचे जुने छायाचित्र पुन्हा मिळत नाही. म्हणून अधिकारांच्या मर्यादेबरोबरच महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे तितकेच आवश्यक आहे.

भिंतही तपासावी लागते

अधिकारांची भिंत माणसांनीच बांधलेली असते, त्यामुळे तिलाही भेगा पडतात. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोमधील एक गंभीर दोष जाहीर केला. त्या दोषाचा फायदा घेऊन त्या संगणकावरील कोणताही साधा वापरकर्ता, यादीत नाव नसतानाही, सर्वाधिकारी होऊ शकत होता. हा दोष जुलै २०११ पासून, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, कोणाच्या लक्षात न येता राहिला होता. तो त्वरित दुरुस्त करण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० ने तर रस्ट या अधिक सुरक्षित समजल्या जाणाऱ्या भाषेत नव्याने लिहिलेला सुडो स्वीकारला.

सामान्य वापरकर्त्याने यातून एवढेच घ्यावे की कार्यप्रणालीचे अपडेट टाळू नयेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. ज्यांच्याकडे अद्याप ती प्रणाली आहे, त्यांनी याची दखल घ्यावी. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नसल्यास लिनक्सचा पर्याय विनामूल्य उपलब्ध आहे.

लबाडांचा नवा मार्ग

भिंत फोडणे कठीण झाले म्हणून लबाड मंडळींनी आता दार उघडणाऱ्या माणसालाच गाठले आहे. “आम्ही संगणक कंपनीतून बोलतो, आपल्या संगणकात व्हायरस आहे,” असा फोन येतो. पडदा दुरून पाहता येईल असा प्रोग्राम बसवण्यास सांगितले जाते आणि विचारणा आली की “येस” दाबावयास लावतात. किल्ली आपणच त्यांच्या हाती देतो.

२०२४ पासून आणखी एक प्रकार पसरला आहे. “आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा” अशी पाटी दिसते आणि विंडोजची कळ व आर ही कळ एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा, मग एंटर दाबा, असे सांगितले जाते. या तीन कृतींनी आपण एक लपवलेली कमांड आपल्याच हाताने चालवत असतो. माणूस असल्याची खरी तपासणी कधीही कमांड चालवावयास सांगत नाही, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे.

पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सहाय्य क्रमांकावर फोन करावा व आपल्या बँकेसही कळवावे. पहिले काही तास फार मोलाचे असतात. लाज वाटून गप्प बसल्यास लाभ फक्त चोराचा होतो.

विद्यार्थी मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. प्रशासकाचा अधिकार कसा मिळवावा, हे कळले म्हणून तो दुसऱ्याच्या संगणकावर वापरावा असे नाही. महाविद्यालयातील, सायबर कॅफेतील किंवा मित्राच्या संगणकात मालकाच्या परवानगीशिवाय शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र ठरते. ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गंमत म्हणून केलेल्या कृत्याने नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडथळा येऊ नये.

आपल्या घरी व कार्यालयात काय करावे?

१) संगणकावर किमान दोन खाती असावीत. एक प्रशासकाचे व दुसरे रोजच्या वापराचे साधे खाते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर युजर्स येथे नवे खाते उघडता येते आणि त्याचा प्रकार “स्टँडर्ड युजर” ठेवता येतो. नवीन संगणकात पहिले उघडलेले खाते प्रशासकाचे असते, हे लक्षात ठेवावे.

२) प्रशासकाचा पासवर्ड घरातील जबाबदार व्यक्तीकडे असावा. संस्थेच्या कार्यालयात तो दोन पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावा व कागदावर लिहून बंद लिफाफ्यात सुरक्षित ठेवावा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलावा. सारे ज्ञान एकाच तरुण कार्यकर्त्याकडे असते आणि तो नोकरीनिमित्त परगावी गेला की संगणकच अडतो, असे होऊ नये.

३) विचारणा आली की तीन गोष्टी वाचाव्यात. प्रोग्रामचे नाव काय, तो तयार करणाऱ्याचे नाव दिले आहे की “अननोन” असे लिहिले आहे, आणि हे काम आपण स्वतः आत्ताच सुरू केले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर “नाही” असेल, तर “नो” दाबावे. नकार दिल्याने सहसा काही बिघडत नाही. काम पुन्हा सुरू करता येते.

४) एखादा प्रोग्राम चालत नाही म्हणून लगेच तो प्रशासक म्हणून चालवण्याची सवय लावू नये. अधिकार कमी पडतो आहे असा संदेश आला तरच तसे करावे.

५) दुसरीकडून उतरवून घेतलेली कमांड थेट खिडकीत चिकटवू नये. आधी ती नोटपॅडमध्ये चिकटवावी, तिच्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. उतरवलेल्या मजकुरात काही वेळा न दिसणारी नवी ओळ दडलेली असते आणि एंटर न दाबताच कमांड चालू होते. पुसणाऱ्या किंवा फॉरमॅट करणाऱ्या कमांडच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्यावी.

६) महत्त्वाच्या फाईलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही खरी दुसरी प्रत नव्हे, हे वरील दुसऱ्या उदाहरणावरून स्पष्ट झालेच आहे.

समारोप

वरील सर्व वाचून कमांडची भीती वाटू नये, ही विनंती. जो विद्यार्थी कमांड समजून चालवतो, त्यास संगणक आतून कसा चालतो हे कळते आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील पुष्कळशा नोकऱ्यांचा पाया येथूनच घातला जातो. जगभरच्या बँका, रुग्णालये व कारखाने यांचे संगणक सांभाळणारी माणसे हेच काम करतात. परंतु ती रोजचे काम साध्या खात्यावर करतात, गरजेपुरता अधिकार घेतात, काम संपताच तो सोडतात आणि केलेल्या कामाची नोंद ठेवतात.

ज्या घरात एकच संगणक आहे आणि त्यावर तीन मुलांचे शिक्षण चालते, तेथे तो आठ दिवस बंद पडणे ही लहान बाब नाही. अर्जाची अंतिम तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून वाचकांनी येत्या रविवारी अर्धा तास काढावा, आपल्या संगणकावर एक साधे खाते उघडावे, महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळी काढून ठेवावी आणि हे दोन्ही का केले, ते घरातील लहान-थोरांना समजावून सांगावे. त्यासाठी खर्च काही नाही, केवळ थोडी शिस्त हवी.